दहाव्याचा निवेदक

अंगद चेमटेला तालुक्यात दोन प्रकारची माणसं ओळखत. एक, ज्यांच्या घरात कुणीतरी गेलेलं होतं. दुसरी, ज्यांच्या घरात अजून कुणी जायचं होतं. तो दहाव्याचा निवेदक होता.

परगावच्या माणसाला हा काय धंदा म्हणून हसू येईल. पण घोडेगावच्या आसपास कुणाचा दहावा साध्या पद्धतीने होत नाही. सकाळी अमरधामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये महाराजांचं प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच येतात, कारखान्याचे संचालक येतात, सोसायटीचे चेअरमन येतात, आणि आलेल्या प्रत्येकाला दोन शब्द बोलायचे असतात. कुणाला आधी बोलवायचं, कुणाला मागे ठेवायचं, कोण नावापुढे 'माननीय' लावलं नाही म्हणून रुसतो आणि कुणाच्या हातातला माईक गोड बोलून काढून घ्यावा लागतो, हे सगळं ज्याला कळतं तो निवेदक. अंगदला ते पोटातून कळत होतं. वाक्यं तर त्याच्याकडे घडी घालून तयार असत. म्हातारा माणूस गेला की 'आधारवड कोसळला', बाई गेली की 'मायेचा झरा आटला', तरुण गेला की 'नियतीने डाव साधला'. लोक डोळे पुसत आणि नंतर चहा पिताना म्हणत, अंगद बोलला की गेलेल्या माणसाचं सोनं होतं.

एवढं दिवसभर बोलून तो घरी यायचा आणि तिथे त्याला एक शब्द बोलायला माणूस नव्हतं. वडील लहानपणी गेलेले, आई चार वर्षांपूर्वी गेली. लग्न जमलं नाही. मुलगी बघायला गेलं की विचारायचे, मुलगा काय करतो? निवेदन करतो, म्हटलं की विचारायचे, म्हणजे काय करतो? आणि काय करतो ते सांगितलं की मुलीची आई उठून आत जायची. मग चाळिशी आली आणि विषयच मिटला. घरी आल्यावर तो टीव्ही लावायचा. बघायचा नाही, नुसता लावून ठेवायचा.

त्याला बोलायला एकच जागा होती. शाळेच्या मागच्या गल्लीत सहादेव येळवंडे यांचं घर. येळवंडे गावच्या हायस्कुलात लिपिक होते, तीस-बत्तीस वर्षं. निवृत्त होऊनही दहा वर्षं झाली होती, पण गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नव्हतं. ते भाऊसाहेब होते. अंगद कार्यक्रम उरकून परत येताना मोटारसायकल त्यांच्या दारात लावायचा. भाऊसाहेब ओट्यावर बसलेले असायचे, बनुबाई काकू न विचारता चहा टाकायच्या. फार बोलणं व्हायचं असंही नाही. पण अंगदच्या दिवसातला तो अर्धा तास त्याचा स्वतःचा होता.

ते भाऊसाहेब एका पहाटे झोपेतच गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा, ज्ञानेश्वरचा फोन आला. ज्ञानेश्वर पुण्याला कंपनीत होता, माणूस सरळ. म्हणाला, "अंगददादा, दहाव्याचं सगळं तुम्हीच बघा. तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? बाबांचे तर तुम्ही खास."

अंगद "हो" म्हणाला आणि फोन ठेवला.  पण जी गोष्ट ज्ञानेश्वरला माहीत नव्हती ती त्याला माहीत होती. दोनच महिन्यांपूर्वी, त्याच ओट्यावर, भाऊसाहेबांनी त्याच्याकडून शब्द घेतला होता.

त्या दिवशी अंगद एका बड्या बागायतदाराच्या दहाव्यावरून आला होता. मोठा कार्यक्रम, गर्दी भरपूर, तो खुशीत होता. कोण काय बोललं ते रंगवून सांगत होता. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं आणि मध्येच म्हणाले, "अंगद्या, माज्या दहाव्याला तू माईकला हात लावायचा न्हाई."

अंगद हसला. "असं काय बोलता? अजून लई वर्षं हायेत त्याला."

"आसू दे. पर शब्द दे."

"मग कोण बोलंल?"

"कोनी बी बोलू दे. तू न्हाई. दे शब्द."

त्याने दिला. हातावर हात मारून दिला. का, ते विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण काकू चहा घेऊन आल्या आणि भाऊसाहेबांनी विषय पावसापाण्यावर नेला. नंतर विचारायची हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर उत्तराची भीती वाटली. त्याचं बोलणं भाऊसाहेबांना आवडत नाही, हे एकच कारण त्याला सुचत होतं. भाऊसाहेबांनी त्याला आजवर कधी चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं म्हणा. पण जगातल्या सगळ्यांनी वाहवा केली आणि ज्या एका माणसाने करायला हवी होती तो गप्प राहिला की वाहवा कुठे पोचत नाही. दोन महिने हे त्याच्या मनात सलत होतं, आणि आता विचारायला माणूसच उरला नव्हता.

अंगदचं बोलणं मुळात सुरूच भाऊसाहेबांमुळे झालं होतं.

तो आठवीत होता. वडील ट्रकवर होते, ते अपघातात गेले आणि पोराचं तोंड बंद झालं. मुका नव्हता, घरी आईशी हूं-हां करायचा. शाळेत मात्र एक अक्षर काढायचा नाही. सरांनी विचारलं की खाली बघायचा. छड्या झाल्या, उभं राहून झालं, शेवटी एका सरांनी त्याला दंडाला धरून ऑफिसात आणून उभं केलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ह्याच्या आईला बोलवा आणि घेऊन जा म्हणावं."

भाऊसाहेबांनी आईला बोलावलं नाही. त्याला बोल असंही म्हटलं नाही. कोपऱ्यात खडूंची खोकी होती, त्यातले तुटके खडू वेगळे काढायला बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खडू संपले तर नकाशे पुसायला दिले. भाऊसाहेब स्वतःचं काम करता करता आपलेआपण काहीतरी पुटपुटत राहायचे, आणि अंगदला बरं वाटायचं, कारण त्या पुटपुटण्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं.

मग एकदा म्हणाले, "शिपाई रजेवर हाय. पाचवीच्या वर्गावर जाऊन सांगून ये, उद्या डाक्टर येनार हायेत, सुई टोचायला."

अंगद गेला. वर्गाच्या दारात उभा राहिला आणि तसाच परत आला. भाऊसाहेबांनी चेहरा बघितला आणि खुर्चीवरून उठले. "बरं, चल." त्याला वाटलं, आता हे सांगतील. पण भाऊसाहेब वर्गाच्या बाहेर, चौकटीला टेकून उभे राहिले आणि मैदानातल्या लिंबाकडे बघत बसले. आत यायला तयार नाहीत, आणि निघून जायलाही तयार नाहीत. आतली पोरं अंगदकडे बघतायत, बाई बघतायत, अंगद भाऊसाहेबांकडे बघतोय, आणि भाऊसाहेब लिंबाकडे. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी अंगदच्या तोंडून एकदम मोठ्याने निघालं, "उद्या डॉक्टर येणार! सगळ्यांना सुई टोचणार!"

पाचवीच्या पोरांनी भोकाड पसरलं. आयुष्यातल्या पहिल्याच भाषणात अंगदने सगळा वर्ग रडवला. परत येताना भाऊसाहेबांच्या खांद्याला हिसके बसत होते. ते हसत होते. महिनाभराने त्यांनी ऑफिसातला माईक त्याच्यापुढे सरकवला, तो प्रार्थनेच्या वेळी सूचना सांगायला लागला, आणि पुढे कधी थांबलाच नाही.

हा भाऊसाहेबांचा रिवाजच होता. कुणाचंही काम करून द्यायचे नाहीत. ज्याचं काम त्याने बोलायचं, हे फक्त दारापर्यंत सोबत यायचे. मुख्याध्यापकांकडे जायचं असो, बँकेत जायचं असो, मुलीला पुढे शिकायचं म्हणून बापाची समजूत घालायची असो. पोर आत बोलतंय आणि भाऊसाहेब बाहेर चौकटीला टेकलेले, हे गावाने इतक्यांदा पाहिलं होतं की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

आईच्या वेळीही ते आले होते.

आई गेली तेव्हा दहाव्याला दुसरा निवेदक बोलवावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि खुद्द अंगदच्याही आलं नाही. अंगद असताना दुसरा कशाला? तो सवयीने उठला, सवयीने माईक हातात घेतला. "चेमटे परिवारावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे," असं म्हणाला. चेमटे परिवार म्हणजे तो एकटाच होता. "मायेचा झरा आटला आहे," हेही म्हणाला. अध्यक्षांचं नाव घेतलं, संचालकांना क्रमाने बोलावलं, कुणी रुसलं नाही, कुणाचं राहिलं नाही. शेवटी परिवाराच्या वतीने सर्वांचे आभारही त्यानेच मानले. लोक पाठ थोपटून म्हणाले, काय धीराचा गडी आहे, आवाज कापला नाही. भाऊसाहेब शेवटच्या रांगेत होते. ते न बोलता, न भेटता निघून गेले. अंगदला तेही लागलं होतं.

घरी आल्यावर त्याने टीव्ही लावला. रडू येईल म्हणून वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी मिरी गावाच्या बाजूला एक दहावा होता, त्याची तयारी करायची होती.

आता भाऊसाहेबांचा दहावा उद्यावर आला तरी अंगदचं ठरत नव्हतं. शब्द पाळायचा तर ज्ञानेश्वरला सांगावं लागणार. काय सांगणार? तुझ्या वडिलांना मी नको होतो? हे एकदा तोंडातून गेलं की संध्याकाळपर्यंत गावभर होणार. भाऊसाहेबांनी अंगदला माईकला हात लावू दिला नाही म्हणे. कशावरून बरं? मग जो तो आपल्या परीने कारण शोधणार. आणि शब्द मोडायचा तर ज्या एका माणसाच्या पुढे आयुष्यात खोटं बोललो नाही, त्याच्याच राखेसमोर खोटं ठरायचं. आजारी आहे असं कळवावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण भाऊसाहेबांच्या दहाव्याला न जाणं हे त्याला जमण्यातलं नव्हतं.

सकाळी शेडमध्ये गर्दी मावत नव्हती. राहुरीहून, नगरहून, थेट मुंबईहून माणसं आली होती. शाळेच्या जुन्या पोरांचे आता पोट सुटलेले बाप्ये झाले होते. पुढे सतरंजीवर घरचे बसले होते, ज्ञानेश्वर डोकं भादरलेला, शेजारी त्याची मुलगी संस्कृती. दुसऱ्या बाजूला बायकांमध्ये अगदी पुढे बनुबाई काकू. त्यांच्याकडे बघायचं अंगदने टाळलं.

प्रवचन संपलं. ज्ञानेश्वर उठून त्याच्याकडे आला आणि माईक पुढे केला.

"ज्ञानेश्वर," अंगद हळूच म्हणाला, "आज दुसऱ्या कुणाला तरी..."

"का हो, दादा?"

मागून सरपंच म्हणाले, "अंगदराव, चला बरं, ऊन व्हायला लागलं." चारशे माणसं बघत होती.  त्याने माईक घेतला.

एकदा घेतल्यावर मग काय, गाडी आपोआप चालायला लागली. "आज येळवंडे परिवाराचाच नव्हे, तर संपूर्ण पंचक्रोशीचा आधारवड कोसळला आहे." आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला, पत्र्याला आपटून परत आला. लोकांनी माना डोलावल्या. संचालक बोलले, चेअरमन बोलले, एक माजी सभापती स्वतःच्याच कामांबद्दल बोलायला लागले तेव्हा अंगदने त्यांना अलगद खाली बसवलं. सगळं कसं छान चाललं होतं, आणि त्याला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग एक बाई उठली. तिशीतली, साधा पंजाबी ड्रेस, डोक्यावरून ओढणी. कैनात तिचं नाव. राहुरीला सरकारी दवाखान्यात नर्स होती. यादीत तिचं नाव नव्हतं. अंगदने तिच्याकडे माईक दिला.

ती म्हणाली, "मला भाषण येत नाही. मला नर्सिंगला जायचं होतं. अब्बा नाही म्हणत होते. मी भाऊसाहेबांना म्हटलं, तुम्ही सांगा ना अब्बांना, ते तुमचं ऐकतात. ते म्हणाले, तुला जायचंय ना, मग तू सांग. मी येतो. आणि आले. आमच्या दारात उभे राहिले. अब्बा म्हणाले, आत या, चहा घ्या. तर म्हणाले, पोरीचं बोलणं होऊ दे आधी. मी रडत रडत बोलले. ते बाहेर उभे होते म्हणून बोलले. आता परवा मला बदलीसाठी मोठ्या साहेबांकडे जायचं होतं, तेव्हा मी दारात जाऊन मागे वळून बघितलं." तिथे ती थांबली, आणि पुढे काही न बोलता माईक अंगदकडे देऊन जाऊन बसली.

शेडमध्ये सगळे गप्प झाले. ही गप्प बसण्याची जात वेगळी होती, अंगदला ती कळली. कारण ती त्याला आजवर कधी मिळाली नव्हती. आता त्याला एक वाक्य बोलायचं होतं, दोन भाषणांच्या मध्ये सांधा म्हणून बोलतात ते. त्याने तोंड उघडलं, आणि घडी घातलेल्या वाक्यांतलं एकही हाताला लागेना.

तेवढ्यात त्याच्या बाहीला कुणीतरी ओढलं. संस्कृती होती.

"काका, आजी बोलावतीये."

"आत्ता?"

"आत्ताच म्हणाली."

शाळेतले कानिफनाथ सर जवळ उभे होते. अंगदने माईक त्यांच्या हातात कोंबला, पुढची नावं कानात सांगितली आणि काकूंच्या पुढे जाऊन खाली बसला. मान वर करायची त्याची छाती होत नव्हती.

"शब्द दिल्ता ना रं त्यांना?" काकू म्हणाल्या.

म्हणजे काकूंना माहीत होतं.  "दिला होता, काकू. चुकलो. पण ज्ञानेश्वरला काय सांगू? तुझ्या वडलांना माझं बोलणं आवडत नव्हतं, असं सांगू?"

"आवडत न्हवतं?" काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू तो अजून आठवीतच होता. "तुजा जवळपास कुटं कारेक्रम आसला की म्हातारा टोपी घालून तयार. मयताची ना वळख ना पाळख, तरी जायचा. मागं बसून ऐकायचा, तुला दिसू बी द्यायचा न्हाई. घरी आला की मला समदं म्हनून दाखवायचा, आंगद्या आसा बोलला, तसा बोलला. मला तर पाट झालं समदं. आन् म्हनं आवडत न्हवतं!"

अंगदला काही समजेना. "मग मला का नको म्हणाले?"

 पलीकडे कानिफनाथ सर कुणाचं तरी नाव चुकीचं वाचत होते.

"तुज्या आईच्या दहाव्याहून आले तवा जेवले न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, का वो? तर म्हनले, त्येची आय गेली आन् त्यो लोकांची नावं पुकारीत हुता. त्येला रडू द्यायला कोन बी न्हवतं. माईक म्याच दिल्ता त्येच्या हातात, म्हनले. लई दिस मनाला लावून घेतलं हुतं त्यांनी. मग मला बोलले, मी गेल्यावर त्येला बोलू दिऊ नगं. घरच्यांत बशीव त्येला."

 अंगदच्या मनात दोन महिने जे सलत होतं ते दुखणं नव्हतंच मुळी, आणि ते दुखणं नव्हतं हे ज्याला सांगायचं तो माणूस गेला होता. विचारलं असतं तर? ओट्यावर, चहा यायच्या आधी, नुसतं 'का?' एवढंच विचारलं असतं तर?

"बस तितं, ज्ञानूच्या शेजारी," काकू म्हणाल्या.

तो उठला आणि सतरंजीवर जाऊन बसला. ज्ञानेश्वर काही न विचारता थोडा सरकला. इतकी वर्षं अंगद या सतरंजीकडे उभ्याने बघत आला होता. खाली बसल्यावर सगळं वेगळं दिसत होतं. बोलणाऱ्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि वरून येणारा आवाज डोक्यावरून मागे जात होता. काय बोलतायत ते इथे बसणाऱ्याला ऐकूही येत नाही, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. समोर पाटावर भाऊसाहेबांचा फोटो होता. शाळेच्या कुठल्यातरी निरोप समारंभातला, थोडा हललेला. भाऊसाहेब त्यातही कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघत होते.

वर गोंधळ माजला होता. कानिफनाथ सरांनी माजी चेअरमनना आजी आणि आजी चेअरमनना माजी करून टाकलं होतं. एक संचालक आपलं नाव राहिलं म्हणून चप्पल घालून निघाले होते, दोघं-तिघं त्यांना धरायला गेले. सर घाबरे होऊन इकडेतिकडे बघत होते. मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं अंगद कुटंय? अंगदला बोलवा!" आणखी दोघांनी साथ दिली. सरपंच सतरंजीजवळ आले आणि वाकून म्हणाले, "अंगदराव, असं बसून कसं चालंल? उठा, सांभाळा जरा. पाच मिनिटं फक्त."

अंगदचे पाय हलले. सवयच तशी. नाव पुकारलं की उठायचं. तो अर्धवट उठलाही, एक हात जमिनीला टेकवून.

"खाली बस," काकू म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. गावाने बनुबाईंचा आवाज कधी ऐकला नव्हता. नवरा जिवंत असताना त्या ओट्याच्या पुढे फारशा आल्याच नव्हत्या. बायका त्यांचा हात धरून त्यांना बसवायला लागल्या, तो त्यांनी सोडवून घेतला. त्या सरपंचांकडे बघत होत्या, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"त्येला आज कोनी बोलवू नका," त्या म्हणाल्या. "त्येच्या घरात मयत झालीया."

सरपंच सरळ झाले आणि दोन पावलं मागे सरकले.  अंगद होता तिथेच खाली बसला, त्याने दोन्ही गुडघ्यांत डोकं घातलं, आणि चार वर्षांचं आईचं आणि दहा दिवसांचं भाऊसाहेबांचं असं सगळं एकदम वर आलं. तो मोठ्याने रडायला लागला, लहान पोरं रडतात तसा, तोंड उघडं टाकून. ज्ञानेश्वरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कानिफनाथ सरांनी माईक बंद केला आणि तेही खाली बसले.